साहेब, कॅमेरा बंद होता कारण हातात सिरिंज होती

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
आमची जिल्हा परिषद

विषय: आढावा व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या बैठकीत) कॅमेरा बंद ठेवल्याबद्दल निघालेल्या नोटिसा आणि एकूणच व्हीसी घेण्याची पद्धत

सविनय नमस्कार.

मी एकतीस वर्षं आरोग्य सेविका होते. गेल्या वर्षी ५८ पूर्ण झाली आणि निवृत्त झाले. जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांनी नोटिसा काढल्या त्यांना ते कळेलच, आणि बाकीच्या जिल्ह्यांतल्या सिस्टरांना वाटेल की पत्र आपल्याच जिल्ह्याबद्दल आहे. त्यांचंही फारसं चुकणार नाही. नोकरीत असते तर हे पत्र असं चारचौघांत लिहिलं नसतं, कारण वर्तणूक नियम मला पाठ आहेत. आता पेन्शनचे कागद मार्गी लागलेत, म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यातला एक मंगळवार. डोंगरातल्या एका पाड्यावर अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं. साडेनऊला व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लसींचा थंड डबा, पोहोचला. आशाताईंनी आदल्या दिवशी पावसात घरोघर फिरून ड्यू लिस्टमधल्या (लस द्यायची वेळ झालेल्यांच्या यादीतल्या) अकरा बाळांचे निरोप दिले होते. भातलावणीचे दिवस. बायका चिखलाचे हात धुऊन, बाळं पदराखाली घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येकीला परत शेतावर जायची घाई होती. पावणेअकराला सिस्टरने गोवर-रुबेलाच्या लसीची व्हायल, म्हणजे कुपी, तयार केली. ग्रुपवर मेसेज पडला होता दहा पस्तीसला: आज ११ वाजता तातडीची आढावा व्हीसी, सर्वांनी कॅमेरा चालू ठेवून उपस्थित राहावे. तिने तो वाचला तेव्हा व्हायल उघडून झाली होती.

साहेब, आपल्याला हे ठाऊक असेलच, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. गोवर-रुबेलाच्या लसीच्या भुकटीत डायल्युएंट (ती विरघळवायचं द्रावण) घातलं की ती चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. बीसीजीचंही तसंच. पेंटा किंवा पोलिओची उघडलेली व्हायल नियमात बसत असेल तर चार आठवड्यांपर्यंत पुढच्या सत्राला चालते, या दोघींना मात्र थांबणं माहीत नाही. शिवाय टोचून झालं की बाळाला अर्धा तास नजरेसमोर बसवायचं, काही त्रास झाला तर कळावा म्हणून.

तिने व्हीसी जोडली, कॅमेरा बंद केला, फोन ॲप्रनच्या खिशात टाकला आणि काम करत राहिली. बारा वाजून गेल्यावर कधीतरी तिचं नाव पुकारलं गेलं. त्या वेळी एक बाळ असं काही टाहो फोडत होतं की त्यात साहेबांचा आवाज कुठल्या कुठे गेला. तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. कॅमेरा बंद ठेवला, नाव पुकारले असता प्रतिसाद दिला नाही, सबब खुलासा २४ तासांत सादर करावा. आणि आता या महिन्यापासून नवा फतवा: कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर, गैरहजर म्हणजे तो दिवस बिनपगारी.

त्या दिवशी अकराच्या अकरा बाळांना डोस मिळाले. नोटिशीत त्याचा उल्लेख नाही.

ती सिस्टर माझ्या हाताखाली तयार झालेली. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. म्हणाली, "ताई, खुलाशात काय लिहू? खरं लिहू का?" तेव्हापासून मला चैन नाही.

मी व्हीसीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. एसटीच्या दिवसांतल्या मासिक सभा मी पाहिल्यात. सकाळी सहाच्या गाडीने निघायचं, तालुक्याला दहाला पोहोचायचं, साहेब बाराला यायचे, रजिस्टरं तपासून होईपर्यंत शेवटची गाडी गेलेली असायची. आयुष्याचे कितीतरी दिवस मी बसस्टँडच्या बाकावर घालवले. एप्रिल २०२० मध्ये पहिल्यांदा फोनवर मिटिंग झाली तेव्हा आम्हाला नवल वाटलं आणि धीरही आला. पीपीई किट कसं घालायचं आणि त्याहून अवघड म्हणजे कसं काढायचं, हे मी त्या चार इंची पडद्यावर बघून शिकले. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, त्याआधी कोविनचं प्रशिक्षणही तसंच झालं. तेव्हा व्हीसीत कुणीतरी काहीतरी शिकवायचं आणि आम्ही विचारायचो. साथ ओसरली, शिकवणं संपलं, विचारणं बंद झालं, आणि हजेरी तेवढी उरली.

आता माझ्या तक्रारी. क्रम महत्त्वाचा नाही, एक सोडून.

व्हीसीचा दिवस आणि वेळ ठरलेली नसते. सोमवारी रात्री साडेदहाला मेसेज, रविवारी संध्याकाळी मेसेज, कधी अर्धा तास आधी मेसेज. साहेब, लसीकरण सत्रांचा आराखडा आधीच तयार असतो, तो तुमच्याच कार्यालयात मंजूर होतो. कुठल्या गावात कुठल्या तारखेला कोण सिस्टर आहे, हे तुमच्या टेबलावरच्या कागदात लिहिलेलं आहे. तो कागद एकदा बघून व्हीसीची वेळ ठरवली तर हा सगळा प्रसंग घडलाच नसता.

आपण म्हणाल, वरून अचानक निरोप येतो, आम्ही तरी काय करणार? तर मी आपल्याला एक वरचंच उदाहरण देते. पंतप्रधानांची 'प्रगती' नावाची व्हीसी २५ मार्च २०१५ ला सुरू झाली. त्यात केंद्राचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव बसतात. तिची पद्धत सुरुवातीलाच ठरवून दिली होती: महिन्याचा चौथा बुधवार, दुपारी साडेतीन. ज्या विषयांवर बोलायचं ते सात दिवस आधी सगळ्यांसमोर ठेवायचे आणि संबंधितांनी तीन दिवसांत आपलं म्हणणं लिहून द्यायचं. मुख्य सचिवांना विचार करायला सवड मिळते आणि उपकेंद्राच्या सिस्टरला पंचवीस मिनिटं, हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही.

दुसरं, व्हीसीत विचारतात काय? आकडे. आयएचआयपीवर (साथरोगांच्या पोर्टलवर) किती भरले, यू-विनवर (लसीकरणाच्या पोर्टलवर) किती नोंदी झाल्या, आभा कार्ड (आरोग्य ओळखपत्र) किती, आयुष्मान कार्ड किती, निक्षयवर (क्षयरोगाच्या पोर्टलवर) संशयित किती. हे सगळे आकडे आम्हीच भरलेले असतात आणि तुमच्या पडद्यावर आधीच दिसत असतात. मग तेच मोठ्याने वाचून घ्यायचे कशासाठी? पडद्यावर एक्सेलची शीट, अक्षरं मुंगीएवढी, लाल रंगात कमी टक्केवारीची गावं. नाव पुकारलं की, "का कमी आहे?" आम्ही म्हणायचं, "करून घेते सर." पुढचं नाव. एकतीस वर्षांत मी 'करून घेते सर' हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल त्याचा आकडा मात्र कुठल्याच पोर्टलवर नाही.

का कमी आहे, याचं खरं उत्तर मला माहीत असायचं. माझ्या एका पाड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची ती थेट उन्हाळ्यात परतायची. त्यांची बाळं माझ्या यादीत 'ड्यू' दिसायची आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या तळावर असायची. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांतून त्या जिल्ह्याला एक फोन जाऊ शकला असता. पण म्यूट काढायची परवानगी होस्टकडे, आणि होस्टला साडेसहापर्यंत चौदा प्राथमिक आरोग्य केंद्रं संपवायची असायची.

हिशोबच मांडायचा तर असा मांडते. एका व्हीसीत तीनशे जण अडीच तास बसतात. म्हणजे साडेसातशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर त्र्याण्णव दिवसांहून जास्त काम. एका दुपारी जिल्ह्याने तीन महिन्यांचं काम खर्च केलं आणि बदल्यात प्रत्येकीला बोलायला अर्धं मिनिट मिळालं. बाकी वेळ इतरांना बोलणी बसताना ऐकायचं.

रेंजबद्दल मी फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या उपकेंद्रात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, सातव्या पायरीला. पावसाळ्यात एका हातात छत्री, एका हातात फोन. रोजचा दीड जीबीचा पॅक कॅमेरा चालू ठेवला की दुपारपर्यंत आटायचा आणि मग संध्याकाळी नोंदी भरायला नेट नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी माझंच गाव लाल रंगात. पॅकचे पैसे माझ्या पगारातले. आशाताईंना तर त्यांच्या तुटपुंज्या मोबदल्यातून भरावे लागतात.

आता ती एक गोष्ट, जिच्यासाठी मी क्रम महत्त्वाचा नाही असं म्हणूनही थांबले आहे.

तुमच्या व्हीसीत अतिजोखमीच्या मातांची यादी पडद्यावर लावली जाते. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय, कारण. तीनशे फोनवर. त्यातले कितीतरी फोन घरात टेबलावर ठेवलेले असतात, शेजारी सासू असते, दीर असतो, शाळकरी मुलगा असतो. एका वेळी सतरा वर्षांच्या एका पोरीचं नाव असंच वाचलं गेलं. ज्या गावची ती, त्याच गावात व्हीसीतल्या एका कर्मचाऱ्याचं माहेर होतं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. ती पोरगी नंतर माझ्याकडे तपासणीला आलीच नाही, थेट शहरात कुठेतरी नेली. तिच्या आईने मला रस्त्यात अडवून विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणाला होतात ना?" मी खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त रिपोर्ट भरला होता. तिला हे कसं समजावणार?

नोटिसा, बिनपगारी वगैरे मी विसरूही शकेन. हे विसरणार नाही.

त्याच फोनवर, त्याच सातव्या पायरीच्या रेंजवर, दुसरंही काही चालतं हे मी पाहिलं आहे. ई-संजीवनी, म्हणजे फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा. २०१९ च्या नोव्हेंबरात ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली. आमच्या उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम पेशंटला शेजारी बसवायच्या, पलीकडे डॉक्टर. एकदा एका आजोबांच्या पायाला साखरेची जखम होती. आजोबा खुर्चीवर, मी फोन जखमेजवळ धरलेला, डॉक्टर विचारतायत, "रंग कसा आहे, वास येतो का, बोटाला टोचलं तर कळतं का?" आजोबा थेट फोनशी बोलायला लागले. शेवटी चिठ्ठी तयार झाली: कुठलं औषध, किती दिवस, परत कधी दाखवायचं. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं. तीही व्हीसीच होती ना, साहेब? फरक एवढाच की पलीकडच्या माणसाला उत्तर हवं होतं.

आमच्या भागात एक वैद्यकीय अधिकारी होते, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांची व्हीसी दर शुक्रवारी दुपारी चारला, अर्धा तास. सव्वाचारला आलात तरी रागवायचे नाहीत, साडेचारला मात्र बंद म्हणजे बंद. सुरुवातीला ते एकच प्रश्न विचारायचे: "कुणाचं काय अडलंय?" आकड्यांची शीट आदल्या दिवशी ग्रुपवर, मराठीत. कॅमेरा कुणी लावायचा नाही, फक्त ज्याला काही दाखवायचं असेल त्याने. माणसं जास्त असली तर ते आम्हाला चार-पाच जणींच्या गटात सोडायचे, दहा मिनिटं आपसात बोला म्हणायचे आणि मग गटातली एक सांगायची. आईस पॅक लवकर वितळतात म्हणून मी एकदा कुरकुरले, तर दुसऱ्या उपकेंद्राच्या सिस्टरने तिथल्या तिथे विचारलं, कॅरिअरचं झाकण नीट बसतं का ते पाहिलंत का? माझं झाकण खरंच तिरकं झालं होतं. चार महिने मी उन्हाला दोष देत होते! व्हीसी संपली की डॉक्टर स्वतः दोन मिनिटांचा आवाजी मेसेज टाकायचे, ज्यांना रेंज नव्हती त्यांच्यासाठी. रात्री घरी आल्यावर भाकऱ्या थापत ऐकायचा. त्या व्हीसीला कधी कुणी दांडी मारल्याचं मला आठवत नाही, आणि हजेरी तर ते घेतच नसत.

माझा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, अर्धा आठवडा घरूनच काम करतो. त्याच्या टीममधली माणसं तीन देशांत. लॉकडाऊनपासून त्याच्या मिटिंगा मी स्वयंपाकघरातून ऐकत आलेय. अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागेपुढे होतात, तेव्हा आळीपाळीने कुणाची रात्र मोडायची हे ते ठरवून घेतात. दर वेळी भारतातल्यांचीच नाही. त्यांच्याकडेही रडगाणी असतात, तो संत नाही आणि त्याची कंपनीही नाही. पण एकदा माझी व्हीसी अर्धा तास ऐकून तो म्हणाला, "आई, तुमच्या मिटिंगला अजेंडा नसतो का गं?" मी म्हटलं, असतो, आमचं नावच अजेंड्यावर असतं. त्यानेच मला सांगितलं की स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन नावाच्या प्राध्यापकांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मिटिंगांनी येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला होता. सतत इतके चेहरे जवळून बघणं, सारखा स्वतःचाच चेहरा समोर असणं, जागेवरून हलता न येणं आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणाही मुद्दाम कराव्या लागणं, ही त्यांनी दिलेली कारणं. मला ते वाचून बरं वाटलं. मी समजत होते वय झालं.

आता मागण्या. मोठ्या नाहीत, कुठल्याही निधीची गरज नाही.

नोटिसा मागे घ्या. सत्रावर, प्रसूतीत किंवा तपासणीत असलेली सिस्टर व्हीसीला नसेल तर ती गैरहजर नाही, कामावर आहे, असं लेखी पत्र काढा. बिनपगारीचा आदेश रद्द करा. हे पहिलं, बाकीचं यानंतर.

व्हीसीचा वार आणि वेळ महिन्यासाठी ठरवा. सत्राचे दिवस सोडून, दुपारी, पाऊण तासाच्या आत. साथ आली, पूर आला, तर रात्री दोनलाही बोलवा, येऊ. पण 'तातडीची' हा शब्द त्यासाठीच राखून ठेवा.

विषय दोन दिवस आधी पाठवा, मराठीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, माझ्याहून वयाने मोठा. पडद्यावरच्या शीटला तो लागू नसावा असं कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही.

पेशंटचं नाव, गाव, कुठल्याही मोठ्या व्हीसीत दाखवायचं किंवा वाचायचं नाही. ज्या मातेबद्दल बोलायचं आहे तिच्या सिस्टरला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना वेगळा फोन करा. यावर मला कुठलीही तडजोड सुचवू नका.

कॅमेरा ऐच्छिक ठेवा. रेकॉर्डिंग नाही जमलं तर नको, पाच ओळींचं टिपण किंवा आवाजी मेसेज त्याच दिवशी टाका.

तीनशे जणांना एकत्र बसवू नका. जिल्ह्याचं जे सांगायचं ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, त्यांनी आपापल्या केंद्राच्या दहा-बारा जणींना सांगावं आणि उलट त्यांचं ऐकून वर पाठवावं. ऐकून वर पाठवणं लिहायला विसरू नका, आदेशात ते वाक्य नेहमी गळतं.

आणि शेवटची एक. लस टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, हे तुमच्याच प्रशिक्षणात आम्हाला घोटून घोटून शिकवलं: कुठली लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढे कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. कडेवर रडतं पोर, पाठीमागे रांग, तरी आम्ही चारही सांगतो. प्रत्येक व्हीसीच्या शेवटी आम्हालाही तेवढंच सांगा. काय ठरलं, कशासाठी ठरलं. अडचण आली तर कुणाला फोन करायचा. पुन्हा कधी भेटायचं. आणि ठरलेलं कुठे लिहून ठेवलंय.

साहेब, आपण माझ्या मुलाच्या वयाचे आहात. जिल्ह्यात आलात तेव्हा पहिल्याच महिन्यात डोंगर चढून माझ्या उपकेंद्रावर आला होतात. त्या दिवशी आपण रजिस्टर बाजूला सारून विचारलं होतंत, "सिस्टर, इथे पाणी कुठून आणता?" मी आपल्याला विहीर दाखवली होती, आणि तीन महिन्यांत नळ आला. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, मंत्रालयाला नाही.

पुढच्या सत्रांचा आराखडा थोड्याच दिवसांत छापायला जाईल. त्याआधी व्हीसीचा वार ठरला तर तोही त्याच कागदावर एका ओळीत बसेल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका

ता. क. नोटीस मिळालेल्या सिस्टरचं नाव मी लिहिलेलं नाही. तिने खुलाशात खरं तेच लिहिलं, जावक क्रमांक टाकून पाठवलं. त्याची पोच तिला अजून मिळालेली नाही, ती तेवढी द्यावी.